हॉलिस निकर्सनची दाढी

आमच्या बोटीच्या कारखान्यात कामगारांचा सुरक्षा-प्रतिनिधी निवडायचा होता, आणि हात वर करायला कुणी तयार नव्हतं. कामगार खात्याचा तपासनीस सप्टेंबरात येऊन गेला होता. घासाईच्या शेडमधली हवा त्याने पंपाने ओढून नेली, ग्राइंडरच्या आवाजाचे आकडे वहीत टिपले आणि तीन आठवड्यांनी मालकाला पत्र धाडलं. शेडमध्ये पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाच्या श्वासाला आणि कानांना धड संरक्षण द्या, साधनं कामगारांच्या प्रतिनिधीच्या संमतीने निवडा, नाहीतर शेडला टाळं लावतो.

मालक लॅमॉन्ट क्रोवेल ते पत्र हातात धरून डब्याच्या सुट्टीत आमच्यासमोर उभे राहिले. "कोण होतंय प्रतिनिधी? लवकर बोला, राळ वाळतेय तिकडे."

मी हात वर केला.

"ओदील?" रेजी म्हणाला. रेजी माझ्याबरोबर घासाईला असतो, आणि त्याच्या जिभेला हाड नाही. "तुला कधीपासून लोकांची काळजी?"

"आत्तापासून," मी म्हटलं.

काळजी-बिळजी काही नव्हती. पत्रातलं एक वाक्य मालकांनी वाचून दाखवलं होतं: चेहऱ्याला घट्ट बसणारा मास्क वापरायचा झाला तर दाढी चालणार नाही. ते ऐकलं तेव्हा माझी नजर आपोआप आमच्या फोरमनकडे गेली. हॉलिस निकर्सनकडे. त्याची दाढी छातीपर्यंत, करड्या लोकरीसारखी. पंचवीस वर्षांचा असताना समुद्रावर दोराचा आकडा सुटून त्याचा जबडा फाटला होता. तेव्हापासून दाढीखालचा चेहरा त्याच्या बायकोखेरीज कुणी पाहिलेला नव्हता. आणि दाढी या शब्दावर माझं हॉलिसकडे नऊ वर्षांचं येणं होतं.

माझा थोरला भाऊ आन्सेल्म याच शेडमध्ये एकोणीस वर्षं फायबरग्लास घासत होता. शेवंडं, म्हणजे लॉबस्टर, पकडायच्या बोटी आम्ही बांधतो. साचा निघाला की बोटीच्या पोटात शिरून कडा, सांधे, फुगे घासून काढायचे. आत धूळ अशी उडते की स्वतःचा हात दिसत नाही, आणि आवाज चारी बाजूंनी आपटून परत कानातच येतो. त्या काळात नाकाला कागदी मास्क मिळायचे, महिन्याला एक खोका, सगळ्यांत मिळून. कानांना काही नाही. आन्सेल्म कापूस कोंबायचा. चाळिशीत त्याला पक्ष्यांचा आवाज येईनासा झाला, पन्नाशीच्या आत जिना चढताना मध्ये बसावं लागू लागलं. डॉक्टर म्हणाले, फुप्फुसांच्या बारीक नळ्या आखडल्यात, त्या आता उघडायच्या नाहीत.

भरपाईच्या मंडळाने कारखान्याला विचारलं की या माणसाला काय साधनं दिली होती. उत्तर हॉलिसने लिहिलं. त्याची प्रत मला पाठ आहे. "योग्य मास्क उपलब्ध करून दिला होता. सदर कामगाराने दाढी ठेवल्यामुळे तो वापरण्यास वारंवार नकार दिला." मंडळाने अर्ज फेटाळला आणि निकालात ओळ घातली: हानी स्वतःच्या हलगर्जीपणामुळे.

आन्सेल्मला दाढी होती, हे खरं. चार बोटांची, शिक्षकासारखी कातरलेली. पण मास्क कुठला? त्या शेडमध्ये कधी घट्ट मास्क आलाच नव्हता. हे हॉलिसला ठाऊक होतं, कारण कागदी मास्कांचा खोका तोच फोडायचा. आणि लिहिताना त्याची स्वतःची दाढी त्या कागदावर टेकलेली असणार.

त्या निकालानंतर आन्सेल्म भरपाईबद्दल कधी बोलला नाही. पण कुणी "हलगर्जी" हा शब्द उच्चारला, अगदी टीव्हीवर जरी, तरी तो उठून दुसऱ्या खोलीत जायचा, ऑक्सिजनची नळी मागे ओढत. तेवढं मला पुरेसं होतं. मी डूख धरून बसले. त्याच शेडमध्ये, त्याच फोरमनच्या हाताखाली, नऊ वर्षं. लोकांना वाटायचं, ओदीलला दुसरीकडे काम मिळत नाही.

ऑक्टोबरात हॅलिफॅक्सहून ग्वेन नावाची बाई साधनांचे नमुने घेऊन आली. बुटकी, चष्मेवाली, आणि आपल्या मालाची पक्की जाणकार. डब्याच्या खोलीत टेबलावर तिने सगळं मांडलं. एका बाजूला रबरी अर्धे मास्क, दोन्ही गालांवर गुलाबी चकत्यांसारखे फिल्टर असलेले. दुसऱ्या बाजूला हेल्मेटसारखी फेसशील्डं. कमरेच्या पट्ट्यावर बॅटरी आणि पंखा, तिथून पाठीवरून एक नळी हेल्मेटमध्ये जाते. पंखा हवा गाळून चेहऱ्यावर सोडत राहतो. हवा आतून बाहेर ढकलली जाते म्हणून धूळ आत येऊ शकत नाही.

"हे सैल बसतं," ग्वेन म्हणाली. "चष्मा चालतो, दाढी चालते, आठ तास घातलं तरी माणूस गुदमरत नाही. रबरी मास्क घट्ट बसवावा लागतो. जबड्यावर एक दिवसाचा खुंट असला तरी हवा गळते."

हॉलिस लगेच फेसशील्ड उचलून डोक्यावर चढवून बसला. "हे बेस. हेच घ्या. अंतराळवीर वाटतोय की नाही मी?"

"कापूस पिंजणाऱ्या दुकानात शिरलेला अंतराळवीर," रेजी म्हणाला. सगळे हसले. मी पण हसले.

मालकांनी किमतीचा कागद पाहिला आणि रबरी मास्क आपल्याकडे ओढला. "याने काम भागतं ना? कायद्याने?"

"धुळीपुरतं, आणि सगळ्यांना तो नीट बसला तर," ग्वेन म्हणाली. "पण माझं ऐकाल तर..."

"भागतं म्हणाली," मालक हॉलिसकडे वळले. "दाढी काढ. माझ्या आज्याने युद्धात गॅसच्या मास्कसाठी काढली होती."

हॉलिसचं हसू दाढीतच विझलं. सही दोघांची लागणार होती, मालकांची आणि माझी. मालकांचं ठरलंच होतं. हॉलिसने पहिल्यांदा माझ्याकडे माणसासारखं पाहिलं.

"ओदील, तू काय म्हणतेस?"

"विचार करते," मी म्हटलं.

खोटं सांगत नाही, त्या क्षणी माझा विचार झालेला होता. रबरी मास्क. स्वस्त, हलका, मालक खूश, आणि हॉलिसला सगळ्यांसमोर वस्तरा. फेसशील्ड जास्त चांगलं आहे हे मला दिसत होतं. भर उन्हाळ्यात बोटीच्या पोटात आठ तास रबर तोंडावर आवळून कुणी राहणार नाही, लोक तो गळ्यात लटकवतील आणि धूळ खातील, हेही कळत होतं. तेरा जणांची नाकं त्या शेडमध्ये होती, त्यात माझंही. तरी मी रबरी मास्क निवडणार होते. सूड घेताना माणूस हिशेब करत नाही.

कानांची निवड मात्र मी त्याच दिवशी मन लावून केली, कारण तिथे हॉलिसचा संबंध नव्हता. फोमचे बोळे पाकिटावर मोठा आकडा मिरवतात, पण नीट पिळून, कान वर ओढून खोल घातले नाहीत तर निम्माही उपयोग नाही. वाट्यांसारखे मफ सोपे, पण चष्म्याची दांडी मध्ये आली की फट पडते. बोटीच्या पोटात एकट्याने भागत नाही. आत बोळे, वर मफ, दोन्ही हवेत. ग्वेनने विचारलं, "इतकं बारीक कुठे शिकलात?" मी म्हटलं, "भावाच्या कानांवरून."

जाताना तिने एक फेसशील्ड आठवडाभर वापरून बघा म्हणून माझ्याकडे ठेवलं. रविवारी मी ते गाडीत टाकलं, बटाटा-कोंबडीच्या राप्यूरचा ट्रे शेजारच्या सीटवर ठेवला आणि आन्सेल्मकडे गेले.

आन्सेल्म खिडकीजवळ बसून शेवंडांच्या पिंजऱ्यांची जाळी विणत होता. हाताने होतं तेवढं काम तो सोडत नाही. कानात ऐकायची दोन्ही मशिनं होती. मी जेवण गरम करेपर्यंत त्याने पिशवीतून फेसशील्ड बाहेर काढलं होतं.

"हे काय?"

मी सांगितलं. ऑक्सिजनची नळी नाकात तशीच ठेवून त्याने ते डोक्यावर घेतलं, आणि मी पंखा चालू केला. हवा चेहऱ्यावर आली तसे त्याने डोळे मिटले. बराच वेळ तसाच बसला. मला वाटलं झोप लागली.

"वारा आहे गं," तो म्हणाला. "बोटीच्या पोटात वारा!" मग डोळे उघडून म्हणाला, "तेव्हाही होतं हे."

"काय?"

"अगदी असंच नाही. पट्टा जाड होता, बॅटरी विटेएवढी. एका मासिकात जाहिरात आली होती. मी पान फाडून हॉलिसला नेऊन दिलं. म्हटलं, एक तरी मागवू, आळीपाळीने घालू. त्याने पान उलटं केलं आणि मागे इंजिनाच्या खाचेची मापं लिहिली. ते पान वर्षभर भिंतीला होतं. मापं बाहेर, जाहिरात भिंतीकडे."

हे त्याने मला नऊ वर्षांत सांगितलं नव्हतं. माझे कान तापले. मी त्याला माझा बेत सांगून टाकला. रबरी मास्क, वस्तरा, सगळं.

आन्सेल्म हसला. हसता हसता खोकला लागला, मला पाठ चोळावी लागली.

"एवढंच?" तो म्हणाला, श्वास परत आल्यावर. "नऊ वर्षं थांबून त्याची हजामत करणार? केस परत उगवतात, ओदील."

"मग तुला काय पाहिजे?"

"त्याने लिहिलं होतं ना? त्याच्याच हाताने दुसरं लिहायला लाव."

घरी परतताना मी गाडी धक्क्याजवळ थांबवली आणि खात्याचा फॉर्म काढून नीट वाचला. चौथ्या पानावर एक चौकट होती: आतापर्यंत कोणती साधनं दिली जात होती, ती अपुरी का, किमान वीस वर्षं काम केलेल्या कर्मचाऱ्याचं निवेदन, सहीसह. कारखान्यात वीस वर्षं काम केलेला माणूस एकच उरला होता: हॉलिस.

सोमवारी मी हॉलिसला साच्यांच्या शेडमागे गाठलं.

"फेसशील्डवर सही करीन," मी म्हटलं. "मालकांना सांगीन, याखेरीज दुसऱ्या कशावर मी सही करणार नाही. ते काय करतील? शेड बंद पडण्यापेक्षा घेतील."

"ओदील, तू खरंच..."

"थांब. ही चौकट तू भरायची. लिहायचं की आन्सेल्म सूरेतच्या काळात इथे कागदाशिवाय काही नव्हतं. घट्ट मास्क नव्हता. कानांना काही नव्हतं. त्याने नकार दिला नाही, कारण नकार द्यायला काही दिलेलंच नव्हतं. असंच्या असं."

"लॅमॉन्टने लिहायला सांगितलं होतं मला. तुला माहीत आहे."

"हात तुझा होता."

"हे लिहिलं तर तो मला ठेवील का?"

"ते तुझं तू बघ. नाहीतर वस्तरा आहेच."

त्याने मला एक घाणेरडी शिवी दिली. मला ती गोड लागली.

दुसरा सोमवार उजाडला आणि हॉलिस दाढी काढून आला.

डब्याच्या खोलीत तो शिरला तेव्हा दोन सेकंद कुणी ओळखलंच नाही. खालचा चेहरा पांढराफटक, वरचा उन्हाने भाजलेला, जणू दोन माणसांचे तुकडे जोडलेले. डाव्या गालापासून हनुवटीखालपर्यंत जखमेचा व्रण, ओढून शिवल्यासारखा, त्यात बोट बसेल एवढी घळ. रेजी गप्प बसलेला मी तेव्हाच पाहिला.

"बघून घ्या," हॉलिस म्हणाला. मग माझ्याकडे वळून, "आता तुझा कागद घाल चुलीत. मी रबरी मास्क घालणार."

माझा डाव हुकला होता. हॉलिस या वाटेने जाईल असं मला वाटलंच नव्हतं. एका सहीपेक्षा त्याने तीस वर्षं झाकलेला चेहरा उघडा करणं पत्करलं. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात, तो असा.

त्या दिवशी ग्वेन मास्कची चाचणी घ्यायला आलीच होती. डोक्यावर पारदर्शक पिशवीसारखं झाकण घालतात, आत मास्क घातलेला माणूस, आणि भोकातून कडू औषधाचा फवारा सोडतात. माणसाने मान वळवायची, वाकायचं, मोठ्याने वाचायचं. कडू लागलं की मास्क गळतोय. मालक बघायला उभे होते, कारण त्यांना त्याच दिवशी रबरी मास्कांची ऑर्डर द्यायची होती.

"प्रतिनिधीने एक तरी चाचणी स्वतः घ्यावी," ग्वेन म्हणाली आणि फवाऱ्याचा फुगा माझ्या हातात दिला. "सावकाश दाबा."

हॉलिस खुर्चीवर बसला. मास्कचे पट्टे त्याने गाल दबेपर्यंत आवळले होते. मी फवाऱ्याचं तोंड भोकाला लावलं आणि दाबलं. एक. दोन. तीन.

"डावीकडे मान," ग्वेन म्हणाली.

त्याने मान वळवली आणि खोकला. झाकण भिरकावून तो नळाकडे धावला. व्रणाच्या घळीतून हवा सरळ आत गेली होती.

"दुसरा आकार बघू," ग्वेन म्हणाली.

दुसरा आकार, तिसरा आकार. प्रत्येक वेळी मी दाबलं, आणि प्रत्येक वेळी तो तोंडाला हात लावून उठला. तिसऱ्या खेपेला त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. कडू चवीने असेल. सगळे बघत होते. नियमात बसतात त्याहून एकही फवारा मी जास्त मारला नाही, पण एकही कमी मारला नाही. खरं सांगायचं तर मला ते संपूच नये असं वाटत होतं.

"यांना रबरी मास्क कधीच बसणार नाही," ग्वेन म्हणाली. "दाढी असो नसो. जखमेची खाच आहे."

"म्हणजे हा शेडमध्ये जाऊ शकत नाही," मालक म्हणाले. इतक्या सहज म्हणाले की मलाही क्षणभर बघवलं नाही. "शेडमध्ये न जाणारा फोरमन घेऊन मी काय करू?"

हॉलिस त्यांच्याकडे बघत राहिला. पंचवीस वर्षं ज्याच्यासाठी खोटं-खरं केलं, तो माणूस त्याच्याकडे निकामी झालेल्या पंपाकडे बघावं तसं बघत होता. मग हॉलिस माझ्याजवळ आला. तोंड पुसत म्हणाला, "आण तो कागद."

त्याने डब्याच्या टेबलावर बसून लिहिलं. मी सांगितलेलं सगळं, त्याच्या मोठ्या वाकड्या अक्षरात. खाली एक वाक्य त्याने स्वतःहून जोडलं: मागील निवेदन मालकाच्या सांगण्यावरून दिले होते. मालकांनी कागद ओढायला हात घातला. मी तो आधीच ग्वेनच्या हातात दिला होता. खात्याला नमुन्यांचा अहवाल तीच पाठवणार होती.

आणि मग मी सांगितलं की मी फेसशील्डशिवाय कशावरही सही करत नाही. हेल्मेटवर बसणारे मफ, आत बोळे, आणि राळ लावणाऱ्या चौघांसाठी वाफेचे वेगळे फिल्टर, कारण धुळीचा फिल्टर राळेची वाफ अडवत नाही. मालकांनी मला खूप काही ऐकवलं. शेवटी सही केली. टाळं कुणाला हवं होतं?

हॉलिसचं फोरमनपण त्याच आठवड्यात गेलं. रेजी फोरमन झाला आणि हॉलिस आमच्यात आला, ग्राइंडर हातात घेऊन. मी माझ्याकडून आन्सेल्मचा अर्ज पुन्हा मंडळाकडे पाठवला, निवेदनाची प्रत जोडून.

इथे संपलं असतं. पण जानेवारीत खात्याची गाडी सगळ्यांचे कान तपासायला आली. हॉलिसचे दोन्ही कान आन्सेल्मच्या कानांच्या वळणावर गेलेले निघाले. त्याला भरपाई मागायची होती, आणि त्यासाठी जुन्या काळी कानांना काही मिळत नव्हतं असं सांगणारा, त्याच वर्षांत त्याच शेडमध्ये काम केलेला साक्षीदार हवा होता. मी तिथे नंतर लागले. त्या वर्षांतला, अजून जिवंत असलेला, माणूस एकच होता.

एप्रिलमधल्या एका रविवारी दुपारी हॉलिस आन्सेल्मच्या ओट्यासमोर येऊन उभा राहिला. हातात कागद. दाढी अर्धवट उगवलेली, व्रणावर टक्कल. आन्सेल्म उन्हात बसला होता, मी त्याच्याजवळ. रस्त्यापलीकडे शेजारचे लोक पिंजरे दुरुस्त करत होते, शेजारीण एल्डा दोरीवर कपडे वाळत घालत होती.

"आन्सेल्म," हॉलिस म्हणाला, "तुझ्याकडे एक काम होतं."

"काय?" आन्सेल्मने कानाला हात लावला.

"काम होतं! साक्षीची सही पाहिजे!"

"ऐकू येत नाही रे. जरा मोठ्याने."

मशिनं त्याच्या कानात होती. सकाळीच मी बॅटऱ्या बदलल्या होत्या.

"माझे कान गेलेत!" हॉलिस ओरडला. "शेडमध्ये! कानांना काही नव्हतं, तुला माहीत आहे!"

"हलगर्जीपणा असेल तुझा," आन्सेल्म शांतपणे म्हणाला.

हॉलिसचा चेहरा व्रणासकट लाल झाला. "मी चुकलो होतो."

"काय?"

"चुकलो! मी तुझ्याबद्दल खोटं लिहिलं होतं!"

पलीकडे हातोडे थांबले. एल्डा चिमटा तोंडात धरून बघत राहिली.

"कुणी लिहिलं होतं?"

"मी! हॉलिस निकर्सनने! आन्सेल्म सूरेतबद्दल मी खोटं लिहिलं!" आवाज खाडीपलीकडच्या चर्चपर्यंत गेला असेल. त्याला स्वतःला तो किती मोठा झालाय ते कळत नव्हतं.

आन्सेल्मने मान हलवली, जणू आत्ता कुठे एखादी साधी गोष्ट समजली. "कागद ठेवून जा."

मे महिन्यात मंडळाचं पत्र आलं. आधीचा निकाल रद्द. ती ओळ काढून टाकली होती. आन्सेल्मने पत्र दोनदा वाचलं, घडी घातली, खिशात ठेवलं, आणि जाळं विणायला घेतलं. मी चहा करून आणला. मग फ्रिजवर लावलेला हॉलिसचा साक्षीचा कागद काढून त्याच्यासमोर ठेवला.

"लिही," मी म्हटलं. "लिही की कानांना योग्य साधन होतं, त्याने वापरलं नाही. त्याचेच शब्द."

"खोटं लिहिणार नाही."

"मग खरं लिही. सही कर आणि मोकळा हो."

"तेही नाही," तो म्हणाला.

मी दुसऱ्यांदा विचारलं नाही. त्याने नाही म्हटलं म्हणून मला किती बरं वाटलं, ते त्याला सांगितलंही नाही. साक्षीदार नाही म्हणून हॉलिसचा अर्ज उन्हाळ्यात पडून राहिला आणि मुदत संपून गेला. रेजी एकदा मला म्हणाला, "झालं की आता, ओदील. किती ताणायचं?" मी म्हटलं, "आन्सेल्म तुझा भाऊ आहे का?"

नोव्हेंबरच्या शेवटच्या सोमवारी, शेवंडांचा हंगाम उघडला त्या सकाळी, आम्ही घासलेली बोट धक्क्यावरून पहिल्यांदा निघत होती. पिंजरे डेकवर रचलेले, अख्खं गाव धक्क्यावर. आन्सेल्म माझ्या गाडीत बसून होता, ऑक्सिजनची टाकी पायांशी, काच खाली केलेली. हॉलिस धक्क्याच्या अगदी टोकाला एकटा उभा होता, पाठ आमच्याकडे. रेजी त्याला हाका मारत होता, सगळ्या घासाईवाल्यांचा फोटो काढायचा म्हणून. एक हाक, दोन हाका. इंजिनांच्या आवाजात हॉलिसला एकही ऐकू गेली नाही.

मी त्याच्यापासून चार पावलांवर होते. खांद्याला हात लावला असता तरी चाललं असतं. मी थर्मास काखेत मारला आणि आन्सेल्मकडे गेले. फोटो त्याच्याशिवाय निघाला.